बसायला कोण येतंय?

प्रमिला गेली तेव्हा मी तिच्या उशाशीच होतो, तरी ती गेल्याची बातमी मला मोबाईलवर आली. डॉक्टरांनी मान हलवली, नर्सने पडदा ओढला, मी व्हरांड्यात येऊन पुण्याला मयूरीला, आमच्या लेकीला, फोन केला. आणखी कुणालाही नाही. कागदपत्रांसाठी थांबायला सांगितलं होतं म्हणून लोखंडी खुर्चीवर बसून राहिलो... आणि खिशात फोन थरथरला. वस्तीतल्या कुणीतरी पाठवलेला बॅनर. काळ्या रंगावर पेटलेली मेणबत्ती, खाली गोलात प्रमिलाचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट मोठा, हात जोडलेला फोटो आमच्या वस्तीतल्या दादांचा. 'वस्तीची वाघीण हरपली. शोकाकुल : समस्त महिला मंडळ.' इस्पितळात झाडलोट करणारी एक बाई आमच्याच गल्लीतली आहे, तिने कळवलं असणार. तिचा काही दोष नाही. पण ज्या महिला मंडळाने प्रमिलाला जिवंतपणी ग्रुपमधून काढून टाकलं होतं, ते तिचं अंग थंड व्हायच्या आत शोकाकुल झालं, हे वाचून मला रडू आलं नाही. आलं ते वेगळंच काहीतरी होतं. ते अजून गेलेलं नाही.

आज ती जाऊन दीड महिना झाला. लिहायला मला बेलापूरच्या वकील मॅडमनी सांगितलं. वयाने त्या आमच्या मयूरीएवढ्याच, पण प्रमिला त्यांना मॅडमच म्हणायची म्हणून मीही म्हणतो. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हीच लिहा. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ताई कायमच्या वाघीण होऊन बसतील." हे मला पटलं. प्रमिला वाघीण वगैरे काही नव्हती. आवाज बारीक, उंची बेताची, हायवे ओलांडताना माझ्या शर्टाची बाही धरायची. डरकाळी तिला कधी जमली नाही. ती फक्त जाऊन बसायची. पोलीस ठाण्यात, बाकावर. एवढंच तिचं काम, आणि तेच तिचं आयुष्य.

आम्ही राहतो ती वस्ती शिरवण्याच्या मागच्या अंगाला, कारखान्यांच्या भिंतीला लागून. लग्न होऊन परभणीकडून आलो तेव्हा तात्पुरते म्हणून आलो होतो. पुढे मला बेलापूरला सरकारी कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली, बरोबरच्यांनी खारघरला, सानपाड्याला फ्लॅट घेतले, मीही दोन ठिकाणी प्रमिलाला घेऊन गेलो. तिने गॅलरीतून खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "इथं माझी पोरं कुठनं आणायची?" तिची पोरं म्हणजे बालवाडीतली. एका संस्थेची बालवाडी वस्तीत होती, तिथे ती शिकवायची. शिकवायची म्हणजे नाकं पुसायची, गाणी म्हणायची, आणि आया कामावरून येईपर्यंत पोरं सांभाळत बसायची. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाचा नवरा पितो, कुणाला हप्ता चुकला म्हणून माणसं धमकावून जातात, सगळं तिला पोरांकडून कळायचं. आम्ही फ्लॅट घेतला नाही.

सुरुवात दिगंबरपासून झाली. दिगंबर आमच्या शेजारच्या खोलीतला, द्रोणागिरीला एका गोदामात माल चढवायच्या कामावर होता. त्याची बायको रेखा प्रमिलाची अगदी जवळची. चिपळूणकडची, तोंडाने फटकळ, हसरी. गोदामातून काही माल गायब झाला आणि संशय म्हणून पोलिसांनी दिगंबरला घरातून उचललं. रेखा ठाण्यात गेली तर म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेली तर म्हणाले, साहेब नाहीत, उद्या या. ती घरी येऊन दारात बसली, बाकीच्या बायका तिच्याभोवती बसल्या. तिसऱ्या दिवशी दिगंबर रिक्षातून परत आला. चोरी दुसऱ्याच कुणाची निघाली होती. पण त्याचा एक कान कायमचा गेला, आणि डावा पाय तो तेव्हापासून ओढतच चालतो. गोदामात ओझं उचलणाऱ्या माणसाचा पाय गेला म्हणजे काय, हे सांगायला नको. त्या संध्याकाळी प्रमिलाने भाकऱ्या थापता थापता मला विचारलं, "अहो, आपण सगळ्या हितं बसलो होतो, रेखाच्या दारात. तितंच जाऊन बसलो असतो तर?" मी म्हटलं, हाकलून दिलं असतं. ती म्हणाली, "हाकलतील की. पण बघितलं तर असतं."

पुढच्या वेळी एका रिक्षावाल्याला नेलं तेव्हा ती बालवाडी सुटल्यावर थेट गेली. बरोबर रेखा आणि आणखी एक म्हातारी. मी ऑफिसातून आलो तर घराला कुलूप. ठाण्यासमोर चहाची टपरी आहे, तिथे जाऊन उभा राहिलो. मी सरकारी नोकर, आत जाणं माझ्या नोकरीला परवडणारं नव्हतं. शिवाय तिनेच पुढे नियम केला, पुरुषांनी आत यायचं नाही. पुरुष गेला की आवाज चढतो, आवाज चढला की त्यालाही आत घालतात, मग दोघांसाठी बसावं लागतं. टपरीवरून मला दाराची चौकट आणि बाकाचं एक टोक दिसायचं. प्रमिलाचे पाय दिसायचे, जमिनीला नीट न पोचणारे.

आत काय झालं ते रेखा नंतर नकला करून सांगायची. हवालदार आला, म्हणाला, काय काम आहे? प्रमिला म्हणाली, "अमुक माणसाला आणलंय. त्याला भेटायचंय आणि वकिलाला बोलवायचंय." भेटता येणार नाही. "बरं. मग बसतो." बसून काय करणार? "काही नाही, साहेब. बसतो." बायकांनी मेथीच्या जुड्या बरोबर नेल्या होत्या, कामावरून येताना घेतलेल्या. त्यांनी पेपर पसरला आणि मेथी निवडायला घेतली. हवालदार ओरडला, हे काय तुमचं घर आहे का? रेखा म्हणाली, "घरी गेल्यावर रांदायला नको काय? तुमी रांदून देनार?" आतला साहेब बाहेर आला, तिघींकडे बघितलं, देठांच्या ढिगाकडे बघितलं आणि परत आत गेला. रिक्षावाल्याला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता.

मग ते चालूच राहिलं. वस्तीत कुणाला नेलं की कुणीतरी बालवाडीच्या खिडकीशी येऊन सांगायचं, आणि प्रमिला गल्लीत उभी राहून विचारायची, "बसायला कोण येतंय?" आमच्या ऑफिसात 'बसायला' म्हणजे शुक्रवारी दारूला, म्हणून मी तिला चिडवायचो. पण त्या हाकेला बायका यायच्या. धुणीभांडी करणाऱ्या, कंपनीत पॅकिंग करणाऱ्या, एक दोन तर नेरूळच्या सोसायटीतल्याही. पाळ्या ठरायच्या. दिवेलागणीला उठून घरी यायचं, सकाळी परत जायचं. मी विचारायचो, मारायचं असेल तर ते तुम्ही गेल्यावर मारतील, त्याचं काय? ती म्हणायची, "सकाळी आमी परत येनार हे त्यांना ठाऊक हाय ना." कायद्याची बाजू सांभाळायला वकील मॅडम मिळाल्या, त्या बायकांना वस्तीतल्या बुद्धविहारात बसवून समजावायच्या, अटक केल्यावर चोवीस तासांत कोर्टापुढे न्यावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, बाईला अंधार पडल्यावर अटक करता येत नाही. बायका मान डोलवायच्या. रेखाला तर सगळं पाठ झालं होतं, हवालदार चुकला की ती दुरुस्त करायची. मी हे सगळं टपरीवरून बघायचो, रेखाच्या तोंडून ऐकायचो आणि, खरं सांगतो, मला माझ्या बायकोचा अभिमान वाटायचा आणि भीतीही वाटायची, दोन्ही एकदमच.

दादा याच काळात आले. म्हणजे वस्तीत होतेच, पण बायकांच्या मागे माणसं आहेत हे दिसल्यावर त्यांचं येणं वाढलं. त्यांनी या बायकांच्या महिला मंडळाला बॅनर करून दिला, खुर्च्या दिल्या, आठ मार्चला प्रमिलाचा सत्कार केला. शाल पांघरताना फोटोवाल्याकडे बघत होते. प्रमिला घरी येऊन म्हणाली, "शाल चांगली हाय. थंडीत मयूरीच्या बाळाला व्हईल." एवढंच.

मागच्या गल्लीत नूर राहायचा. मुर्शिदाबादकडचा, फरशी बसवणारा कारागीर. बायको सलमा नेरूळला तीन घरी स्वयंपाकाला जायची. त्यांची एकुलती मुलगी बालवाडीत होती, तिला 'चांदोबा' म्हणता यायचं नाही, 'चांदोमामा' म्हणायची, आणि प्रमिलाने सगळ्या वर्गालाच चांदोमामा म्हणायला लावलं. रेखाचा ओटा नूरने बसवला. आमची मोरी त्यानेच केली. विहारात खडबडीत कोबा होता, त्यावर म्हातारी माणसं अडखळायची, तर नूरने तीन रविवार खपून सगळी फरशी बसवून दिली. वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, लोक त्या फरशीवर बसून प्रवचन ऐकायचे आणि म्हणायचे, गार लागते हो, छान.

मग ते दिवस आले, बंगाली बोलणाऱ्या माणसांना घुसखोर म्हणून हुडकून नेण्याचे. एका सकाळी, लोक पाण्याच्या रांगेत असतानाच, गाडी आली आणि मागच्या गल्लीतून पाच सहा माणसं नेली. त्यांत नूर होता. हातात दातांचा ब्रश तसाच. सलमा धावत आमच्या दारात आली, नुसतीच पोलीस ठाण्याच्या दिशेला बोट दाखवत होती. प्रमिलाने पायात चपला सरकवल्या, गल्लीत गेली आणि नेहमीसारखं विचारलं, "बसायला कोण येतंय?"

कुणी आलं नाही.

मी दारात उभा होतो, मला सगळं दिसत होतं. कुणी हंडा उचलला, कुणी आत गेली. एकीने पोराला उगाचच एक चापट मारली. प्रमिला रेखाकडे वळली. रेखा म्हणाली, "ताई, आपल्या मानसासाठी ठीक हाय. यांच्यासाठी कशाला? दादांनी सांगितलंय, यात पडू नका. उद्या आपलीच घरं मोजून पाडायला येतील." प्रमिला म्हणाली, "रेखा, तुजा ओटा कुनी बसवला?" रेखा म्हणाली, "त्याचे पैसे दिलेत आमी." मग प्रमिला हळू आवाजात म्हणाली, "दिगंबरला नेलं तवा तो तरी कुनाचा मानूस होता?" रेखाने तिच्याकडे बघितलं. आणि दार लोटून घेतलं. दिगंबर आत खाटेवर बसला होता. त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. तो एका कानाने अजून ऐकतो.

प्रमिला आणि सलमा दोघीच गेल्या. मी तोवर रिटायर झालो होतो, तरी सवयीने टपरीवरच थांबलो. दुपारपर्यंत बसल्या, संध्याकाळपर्यंत बसल्या. या वेळी बाकावरून उठवलं, म्हणून पायरीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या तर माणसं तिथे नव्हतीच. 'पुढे पाठवली.' पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. वकील मॅडम चार ठिकाणी फिरल्या. सलमाच्या घरमालकाने तिचं सामान बाहेर काढलं, पोलिसांचं झंझट नको म्हणाला, आणि सलमा मुलीला घेऊन आमच्याकडे आली. आमच्या एका खोलीत आम्ही चौघं राहिलो. सलमा रोज पहाटे उठून आमच्या दारासमोरची जागा झाडायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी. गल्लीतल्या बायका त्या झाडलेल्या जागेवरून जायच्या आणि आमच्या दाराकडे बघायच्या नाहीत.

नूर सुटला. बऱ्याच दिवसांनी, गावाहून शाळेचा दाखला आला, बापाच्या जमिनीचे कागद आले, मॅडमनी ते जागोजागी दाखवले, मग सुटला. इथलाच निघाला तो, या देशाचाच. जो आमच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं फरश्या बसवत होता, तो इथलाच आहे हे सांगायला एवढा खटाटोप लागला. आमच्या घरी आला तेव्हा गालफडं बसली होती. खुर्ची दिली तर बसला नाही, खाली बसला. चहा घेतला. प्रमिलाला म्हणाला, "भाभी, मेरा गलती क्या था, किसी ने बताया नहीं." ती त्याच्या कपात आणखी चहा ओतत राहिली. ती माणसं त्याच आठवड्यात गावी गेली, कायमची. जाताना सलमाची मुलगी 'चांदोमामा' म्हणून ओरडत रिक्षात बसली. त्याच दिवशी दुपारी नाक्यावर दादा भेटले. मी म्हटलं, बघा, निर्दोष होता. दादा म्हणाले, "मग सोडला की! चौकशी करणं पोलिसांचं कामच आहे. तुम्ही इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीत, तुम्हाला काय सांगायचं?" आणि हसले. तो माणूस हसला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

त्यानंतर आमच्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. बायकांनी पोरं बालवाडीत पाठवणं थांबवलं, एकेक करून, कुणाचं पोर आजारी, कुणाचं इंग्लिश मीडियमला घातलं. पोरं कमी झाली म्हणून संस्थेने बालवाडी बंद केली. ती खोली महिला मंडळाला मिळाली, शिवणकामाच्या वर्गासाठी, आणि मंडळाची अध्यक्ष झाली रेखा. एका सकाळी प्रमिला मोबाईल घेऊन माझ्याकडे आली, "अहो, बघा ओ, ग्रुप दिसंना. माजं बोट लागून काय उडालं का?" मी बघितलं. बोट लागून काही उडालं नव्हतं. मी तिला खरं ते सांगितलं. तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "त्येन्ला काय अडचन आसंल." विहारात गेली की लोक सरकून जागा द्यायचे, अगदी अदबीने, इतकी मोठी जागा द्यायचे की तिच्या आजूबाजूला फक्त फरशीच राहायची.

मला राग यायचा, तिला यायचा नाही, यावरून आमची भांडणं झाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत झाली नव्हती तेवढी. मी म्हणायचो, ज्यांच्या पोरांची नाकं पुसलीस, ज्यांच्या नवऱ्यांसाठी उन्हातान्हात जाऊन बसलीस, त्यांनी तुझं काय केलं बघ. ती म्हणायची, "भ्यालेत हो ती. भ्यालेल्या मानसावर काय रागवायचं?" मी म्हणायचो, तू नाही का भ्यालीस? ती म्हणायची, "भ्याले की. लई भ्याले. म्हनून तर बसते. हुबं राहाया पाय कापतात माजे."

मग एका सकाळी तिलाच बोलावणं आलं. कुणीतरी तक्रार केली होती, बाहेरच्या लोकांना घरात आसरा दिला म्हणून. कुणी केली, हे आम्हाला सांगितलं नाही, आणि मी ओळखलं असेल तरी इथे लिहिणार नाही. तिने धुतलेली साडी नेसली, केस विंचरले, बालवाडीला निघाल्यासारखी निघाली. गल्लीतून आम्ही दोघं चालत गेलो तेव्हा दारं उघडी होती, टीव्ही चालू होते, मटणाच्या फोडणीचा वास येत होता. सगळ्यांनी बघितलं. या वेळी मी टपरीवर थांबलो नाही, आत गेलो. तिला आतल्या खोलीत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो, तिच्या त्या बाकावर. इतकी वर्षं मी त्याचं फक्त टोक बघितलं होतं. बसल्यावर कळलं, त्याचा एक पाय आखूड आहे, जरा हललं की डुगडुगतो, म्हणून सारखं सावरून बसावं लागतं. याबद्दल तिने कधी एक शब्द सांगितला नव्हता. मॅडम एका लग्नासाठी पनवेलच्याही पुढे गेल्या होत्या, त्या निघाल्या होत्या पण पोचायला वेळ होता. मी दाराकडे बघत राहिलो. कुणीतरी येईल. निदान रेखा येईल, निदान ती म्हातारी तरी येईल... दार उघडंच होतं. एक कुत्रं आलं, पाणी पिऊन गेलं.

प्रमिला उन्हं कलल्यावर बाहेर आली. हात कुणी लावला नव्हता, पण दिवसभर तेच तेच विचारलं होतं, सलमा तुमची कोण, तिला घरात का ठेवलं, तुम्हाला पैसे कोण देतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. रिक्षात बसल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "कोन आलतं का?" मी म्हटलं, नाही. ती बाहेर बघत म्हणाली, "कामाला गेली आसतील समदी."

त्या दिवशी रविवार होता.

त्यानंतर ती फारशी बाहेर पडली नाही. ब्लडप्रेशर आधीपासून होतं, गोळ्या घ्यायची, पण जेवण कमी झालं, झोप कमी झाली. एका दुपारी तांदूळ निवडताना ताट हातातून पडलं आणि तिची उजवी बाजू गेली. इस्पितळात तिला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र सगळं ओळखत होते. मी कॉटशेजारी उभा असलो की ती डाव्या हाताने गादीवर हळूच थापटायची. बस. मी बसायचो. नर्स येऊन उठवायची, पेशंटच्या बेडवर बसू नका म्हणून, आणि नर्स गेली की ती परत थापटायची.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. मला नको होता, मयूरी म्हणाली, पप्पा, आईसाठी करा. विहार भरला होता. माझ्या हयातीत एवढी गर्दी मी तिथे बघितलेली नाही. नूरच्या फरशीवर सगळे दाटीवाटीने बसले होते. दादा अर्धा तास बोलले, संविधानावर बोलले, माणुसकीवर बोलले, ताईंचा वारसा आपण पुढे नेऊ म्हणाले. मग रेखा उठली. माईक धरला आणि म्हणाली, "ताईंनी आमाला बसायला शिकवलं..." आणि रडायला लागली. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. बायका तिला धरायला उठल्या, सगळा विहार हुंदके देऊ लागला. मला बोलायला सांगितलं. मी उठलो, माईक हातात घेतला, समोर बघितलं. वाटलं होतं त्यापेक्षा सगळे फार साधे दिसत होते, दमलेले, सुट्टीच्या दिवशीही कामाचेच कपडे घातलेले. मी एवढंच म्हटलं, "त्या रविवारी तुम्ही सगळे घरी होतात." आणि खाली बसलो. बऱ्याच जणांना कुठला रविवार ते कळलंही नसेल. ज्यांना कळलं त्यांनी माना खाली घातल्या. भंतेजींनी लगेच गाथा सुरू केली.

चार दिवसांनी सलमाचा फोन आला. तिला बातमी उशिरा कळली. तिचं मराठी आता विसरत चाललंय, हिंदी, बंगाली, मराठी सगळं एकात कालवून बोलत होती. म्हणाली, "काका, हम ताई का फोटो मोबाईल में लगाया. गाव की औरत लोग को बताया, ये वो ताई है. सब लोग आया. दोपहर से शाम तक बसलं होतं आम्ही. नूर भी काम पे नहीं गया, तो पण बसलं." मी विचारलं, काय केलं बसून, दुवा वगैरे? ती म्हणाली, "नहीं काका. कुछ नहीं किया. बसलं फक्त." हॅलो, हॅलो, सुनाई देता है ना, असं ती विचारत राहिली. मला ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं.

मयूरी म्हणते, पप्पा, पुण्याला चला, एकटे इथे काय करणार. मॅडमही म्हणतात, थोडे दिवस जाऊन या. मी जाणार नाही. रोज दुपारचा चहा झाला की मी दारात खुर्ची टाकतो. आमचं दार गल्लीच्या मध्यावर आहे, पुढच्या घरांकडे जायचं तर माझ्यासमोरूनच जावं लागतं. मी पेपर धरत नाही, मोबाईल बघत नाही. येणाऱ्या जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. हसत आलेली माणसं दोन घरं आधीच हसायची थांबतात. काही जण जय भीम घालतात, मी घेतो. दादांनी एकदा मोटारसायकल थांबवून विचारलं, काका, बरं आहे ना? मी त्यांच्याकडेही नुसतं बघितलं, मग त्यांनी परत किक मारली.

रेखा आता इकडून येत नाही. कारखान्याच्या भिंतीमागून नाल्याच्या कडेने एक वाट आहे, तिथून जाते, भाजीची पिशवी एका हातात आणि दुसऱ्या हाताने दिगंबरला धरून. तिथे चिखल असतो, दगड असतात, अंतरही बरंच वाढतं. दिगंबर मध्येच थांबतो, पाय हाताने उचलून पुढे ठेवतो, मग परत चालतो. खुर्चीवरून मला ते दोघं भिंतीच्या फटीतून दिसतात. त्याला तो फेरा झेपत नाही, हे मला कळतं. त्याने माझं काही केलेलं नाही. मी खुर्ची आत घेतली तर दोघं सरळ रस्त्याने घरी जातील.

प्रमिला असती तर तिने कधीच ती आत ओढली असती. ती नाही.